पुन्हा दारू सोडताना

गटारीला मनसोक्त प्यायची आणि श्रावण लागला की बाटलीला शिवायचं नाही, ही आपल्याकडची जुनी रीत. कुणी गणपती उठेपर्यंत पाळतो, कुणी नवरात्र पाळतो, कुणी गळ्यात माळ घालतो, तर कुणी डहाणूच्या महालक्ष्मीला शब्द देऊन येतो. अधूनमधून पिणाऱ्याला यात काही जड जात नाही. पण रोज पिणारा, सकाळी दोन घोट पोटात गेल्याशिवाय ज्याच्या हातांची थरथर थांबत नाही असा माणूस एकाएकी दारू तोडतो, तेव्हा प्रकरण जिवावर बेतू शकतं. याआधी चार-पाच वेळा सोडून पुन्हा धरलेल्याला तर हा धोका जास्त. ही गोष्ट पालघर-बोईसरच्या घराघरांत माहीत असायला हवी, म्हणून हा लेख.

तारापूर औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला येणाऱ्यांमध्ये असा एखादा कामगार असतो. रजिस्टरवर सही करताना तो एका हाताने दुसरं मनगट धरतो. चहाचा ग्लास दोन्ही हातांनी उचलतो, तरी चहा हिंदकळतो. मळमळतं म्हणून नाश्ता टाळतो. सोबतचे म्हणतात, ‘रात्रीची उतरली नाही अजून.’ खरं तर उतरली आहे म्हणूनच हात थरथरतायत. रसायनांच्या कारखान्यात याच हातांनी त्याला व्हॉल्व्ह फिरवायचा असतो. दारू इथे दुर्मीळ नाही. देशीची दुकानं आहेत, केळवे-चिंचणीच्या पट्ट्यात ताडी आहे, जव्हार-मोखाड्याकडे मोहाची आहे, आणि दमणही फार लांब नाही.

हात का थरथरतात? दारू मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचं काम वाढवते आणि चेतवणाऱ्या रसायनाला दाबते. वर्षानुवर्षं रोज प्यायल्यावर मेंदू जुळवून घेतो. शांत करणारी यंत्रणा तो मंद ठेवतो, चेतवणारी वाढवून ठेवतो. दारू अचानक थांबली की दाबणारं कुणी उरत नाही आणि चेतलेला मेंदू मोकाट सुटतो.

शेवटच्या घोटानंतर सहा ते आठ तासांत कंप सुरू होतो. घाम फुटतो, छाती धडधडते, झोप लागत नाही, उलट्या होतात. बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवसांत वाढत जातो आणि आठवड्याच्या आत ओसरतो. काहींना पहिल्या 6 ते 48 तासांत फिट येते. आयुष्यात कधी फिट न आलेल्यालाही ती येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या आसपास थोड्या जणांची अवस्था सर्वांत वाईट होते: ताप चढतो, नाडी धावते, माणूस बरळू लागतो, घरच्यांना ओळखत नाही. चादरीवरून मुंग्या वेचू लागतो, आणि मुंगी तर एकही नसते. इंग्रज डॉक्टर थॉमस सटन यांनी 1813 साली या अवस्थेला ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ हे नाव दिलं. उपचार नसतील तर यात माणसं दगावतात. वेळेत दवाखान्यात पोचलेली बहुतेक सगळी वाचतात.

आपल्या भागात नेमक्या याच वेळी ‘बाहेरचं लागलंय’ म्हणून भगताला बोलावलं जातं. भगतावर लोकांचा विश्वास आहे, त्याचा मान राखूनच सांगतो की ही रात्र अंगारा-धुपाऱ्यात घालवू नका. दारू सोडून दोन-तीन दिवस झालेल्या माणसाला भास होऊ लागले की 108 ला फोन करायचा. फिट आली तर कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली कपडा द्या आणि दवाखाना गाठा.

आता पुन्हा सोडणाऱ्याबद्दल. ‘मागच्या श्रावणात सोडली तेव्हा नुसता घाम आला होता, आताही निभावेल’ हे वाक्य फार ऐकू येतं. हा हिशेब चुकतो. 1960 च्या दशकात कॅनडात गॉडर्ड या संशोधकाने उंदरांच्या मेंदूला रोज विजेचा अगदी सौम्य झटका दिला. सुरुवातीला उंदरांना काही झालं नाही. काही दिवसांनी तेवढ्याच झटक्याने त्यांना फिट येऊ लागल्या. 1978 साली बॅलेंजर आणि पोस्ट या अमेरिकी डॉक्टरांनी मांडलं की दारू तोडण्याच्या त्रासाचंही असंच असावं: प्रत्येक वेळी चेतून निघालेला मेंदू पुढच्या वेळी अधिक सहज पेटतो. दहा वर्षांनी, 1988 मध्ये, दारू सोडताना फिट आलेल्या 25 पुरुषांची तुलना फिट न आलेल्या 25 जणांशी केली गेली. पहिल्या गटातल्या 48 टक्के लोकांनी याआधी पाच किंवा अधिक वेळा दारू तोडण्याचे उपचार घेतले होते, दुसऱ्या गटात हे प्रमाण 12 टक्के होतं. अभ्यास लहान होता आणि प्रत्येकाच्या बाबतीत असंच घडेल असं नाही. तरी डॉक्टर आज रुग्णाला आधी हेच विचारतात: याआधी किती वेळा सोडली आणि तेव्हा काय झालं?

या प्रश्नाला खरं उत्तर द्या. लाजेपोटी ‘पहिल्यांदाच सोडतोय’ म्हणणारे पुष्कळ असतात, आणि बायकोसमोर तर आकडा निम्म्यावर येतो. पण पाच वेळा सोडून पाच वेळा धरली, ही डॉक्टरसाठी औषधाची मात्रा ठरवणारी माहिती आहे. त्यावरून तो तुमचं चारित्र्य ठरवत नाही.

डॉक्टर हात समोर ताणायला लावतो, बोटांवर कागद ठेवतो. कागद फडफडतो त्यावरून कंप कळतो. मग नाडी, रक्तदाब, घाम, भास तपासून ठरवतो की घरी राहून जमेल की भरती व्हावं लागेल. आधी फिट आलेली असेल, वय झालं असेल, यकृताचा आजार असेल, किंवा घरी रात्री जागणारं कुणी नसेल तर भरतीच बरी. मुख्य औषध क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘लिब्रियम’. 1960 पासून ते बाजारात आहे. मात्रा रोज कमी करत काही दिवसांत ते बंद करतात. मेडिकलवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून हा प्रयोग घरी करू नये, कारण गोळी आणि दारू एकत्र पोटात गेली तर श्वास मंदावतो. अंगाला कंप सुटत असेल तर डॉक्टर गाठेपर्यंत दारू एकदम तोडण्याचा हट्टही धरू नये.

सलाईनबद्दलही सांगायला हवं. गळून गेलेल्या माणसाला ‘ताकदीची बाटली’ लावण्याची पद्धत आहे. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी उरलेलं असतं, कारण त्याचं जेवण तुटलेलं असतं आणि दारू ते जीवनसत्त्व नीट शोषूही देत नाही. अशा वेळी थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं. मग नजर आणि तोल बिघडतो, स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून सलाईन लावताना ‘बी-1 चं इंजेक्शन आधी द्याल ना?’ एवढं विचारा. हा तुमचा हक्क आहे.

चोरून औषध देण्याचाही एक प्रकार आहे. ‘नवऱ्याला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती वाचून बायका भाजीत पूड कालवतात. त्यात डायसल्फिराम हे औषध असेल आणि वरून दारू प्यायली गेली तर रक्तदाब कोसळू शकतो. या औषधाचा माग रबराच्या रसायनांपाशी लागतो. 1937 साली अमेरिकेतल्या एका कारखान्याच्या डॉक्टरने नोंदवलं होतं की अशाच रसायनात काम करणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही. पुढे डेन्मार्कच्या हाल्ड आणि याकोब्सेन यांनी 1948 मध्ये त्याचा औषध म्हणून वापर मांडला. औषध उपयोगी आहे, पण रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, दारू पूर्ण उतरल्यावरच.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे 2.9 कोटी लोक दारूवर अवलंबून आहेत आणि त्यांच्यातल्या 38 पैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. मार्च 2020 च्या टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा फिट आणि भ्रमाचे रुग्ण देशभर दवाखान्यांत आले. त्यांच्यातल्या बहुतेकांनी दारू सोडायचं ठरवलंच नव्हतं. गावातल्या बायका दारूबंदीसाठी मतदान करून बाटली आडवी करतात तेव्हा माझा त्यांना पाठिंबा असतो. पण त्याच आठवड्यात गावात एक डॉक्टरही बसवायला हवा.

शरीराचा त्रास आठवड्यात ओसरतो. झोप ताळ्यावर यायला आणि चिडचिड कमी व्हायला महिने लागतात, आणि बरेच जण याच काळात पुन्हा पितात. या काळातल्या आधारासाठी वसईत कृपा फाउंडेशनचं केंद्र आहे. फादर जो परेरा यांनी ही संस्था 1981 साली वांद्र्यात सुरू केली. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण आहे, तिथे 35 दिवसांचा मुक्काम असतो. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना पैसे लागत नाहीत. फोनवर बोलायचं असेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 14416 ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, दोन्ही सरकारी आणि मोफत.

कंत्राटी कामगाराची खरी अडचण वेगळी असते: पाच दिवस खाडा झाला तर काम जाईल. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्यांनी ईएसआयच्या डॉक्टरचा दाखला घ्यावा. वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील तर आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. दारूचं अवलंबन हा आजार आहे, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातही त्याची गणना आहे. सुपरवायझरला ‘तब्येत बरी नाही’ एवढं सांगितलं तरी ते खरंच असतं. ज्यांचा ईएसआय कापला जात नाही त्यांच्यासाठी वसाहतीतल्या कारखानदारांनी आठवडाभराच्या रजेची सोय करावी. थरथरत्या हातांनी रिअॅक्टर चालवण्यापेक्षा ती सगळ्यांनाच स्वस्त पडेल.