घरच्या लॅपटॉपवर विंडोज कोणती?

बारावीचा निकाल लागला की प्रकाशातल्या बऱ्याच घरांत लॅपटॉपचा विषय निघतो. शहाद्याला नाहीतर नंदुरबारला जाऊन लॅपटॉप पाहिला जातो, किंमत ठरते आणि शेवटी दुकानदार विचारतो, "विंडोज कोणती टाकू? होम की प्रो?" अब्बा मुलीकडे पाहतात, मुलगी दुकानदाराकडे. 'प्रो' हा शब्द भारदस्त वाटतो, म्हणून "प्रोच टाका" असे सांगून सगळे मोकळे होतात.

आमचे मत विचाराल तर घराला होम पुरते. प्रो टाकल्याने लॅपटॉप जास्त वेगाने चालत नाही. त्यात जादा सोयी आहेत त्या मुख्यतः कचेरीच्या कामाच्या: अनेक संगणक एका व्यवस्थेखाली जोडणे, दूर बसून आपला संगणक चालवणे, बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद करणे. एखाद्या पतसंस्थेला त्या लागतील. मुलीचा अभ्यास, अब्बांचा ऊस-पपईचा हिशेब आणि अम्मीचा नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल यासाठी त्यांची गरज नाही. मुलांच्या वापरावर वेळेची मर्यादा घालण्याची सोय होममध्येही आहे.

नव्या लॅपटॉपवर पुष्कळदा 'होम सिंगल लँग्वेज' असे लिहिलेले असते. ते वाचून 'मग मराठी-उर्दू लिहिता येणार नाही' अशी शंका येते. तसे नाही. मेनू आणि सूचनांची भाषा तेवढी एकच राहते; टायपिंगसाठी मराठी आणि उर्दू दोन्ही कीबोर्ड सेटिंग्जमध्ये जाऊन फुकट जोडता येतात. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवणारा फोनेटिक कीबोर्डही त्यात आहे.

खरी अडचण वेगळीच आहे. थोडक्या पैशांत 'अ‍ॅक्टिव्हेट करून' मिळणारी प्रो बहुधा क्रॅक केलेली असते. असा क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, म्हणजे दार उघडे ठेवून झोपण्यासारखेच. त्याच लॅपटॉपवर आपण बँकेचा पासवर्ड टाकतो. शिवाय हा हलाल-हरामचाही प्रश्न आहे. जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात ठराव केला, की लेखन, शोध आणि व्यापारी नाव यांवरील हक्क शरीअतने संरक्षित आहेत, त्यांचे उल्लंघन करता येणार नाही. खिशातून पाकीट काढणार नाही असा माणूस क्रॅक मात्र सहज घेतो, हे आम्हाला खटकते.

पैसे नसतील तर काय करायचे? घरात जुना लॅपटॉप असेल तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेचे अपडेट आणखी एक वर्ष देण्यात आले. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. बरेच जुने लॅपटॉप त्यात बसत नाहीत.

अशा लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकून पाहावे. ते फुकट आहे आणि रीतसर आहे. त्याच्या तीन आवृत्त्यांपैकी एक्सएफसीई सर्वांत हलकी. पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आतले काही पुसले जात नाही. मात्र मुलीच्या क्लासमध्ये विंडोजवरचाच एखादा प्रोग्राम लागत असेल तर आधी चौकशी करा, प्रिंटर चालतो का तेही पाहा.

येथे एक गंमत सांगतो. उबुंटू या लिनक्सची खास मुस्लिम आवृत्तीही निघाली होती. २००७ साली सुरू झालेली ही आवृत्ती पुढे 'सबीली' नावाने ओळखली गेली. नमाजाच्या वेळा, कुरआन वाचण्याचा 'झिक्र' प्रोग्राम, मुलांसाठी वाईट संकेतस्थळे अडवणारी चाळणी असे सगळे आयते त्यात होते. २०११ नंतर मात्र नवी आवृत्ती आली नाही. नाव पाहून कोणी आज ती टाकू नये. सुरक्षेचे अपडेट थांबलेली व्यवस्था धोक्याचीच. नमाजाच्या वेळा आणि कुरआनचे प्रोग्राम आज विंडोजवर किंवा मिंटवर वेगळे घेता येतात.

नवा लॅपटॉप घेताना दुकानातच तो सुरू करून सेटिंग्ज उघडा. 'सिस्टिम'मध्ये 'अबाउट' आहे, तिथे आवृत्तीचे नाव दिसते. 'अ‍ॅक्टिव्हेशन'मध्ये ती चालू आहे की नाही ते कळते. पण क्रॅक केलेलीही तिथे चालू दिसू शकते, म्हणून बिलावर आवृत्तीचे नाव लिहून मागा. दुकानदार कां-कूं करू लागला तर दुसरे दुकान गाठा.