सिरोंच्याची वर्दी

लम्पी चर्मरोग महाराष्ट्रात आला तो सिरोंच्याच्या वाटेने. ऑगस्ट २०१९ मध्ये तो ओडिशात आढळला. भारतातली ती पहिली नोंद. मार्च २०२० मध्ये गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिरोंचा तालुक्यात, जनावरांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या. साऱ्या राज्याचे लक्ष तेव्हा करोनाकडे होते. पुढच्या काही महिन्यांत रोग विदर्भ-मराठवाड्यात पसरला. जनावरे फारशी दगावली नाहीत, म्हणून बातमीही मोठी झाली नाही. मग ४ ऑगस्ट २०२२ रोजी जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यातील चिनावल येथे लम्पी पुन्हा निघाला. या वेळी गोठेच्या गोठे आजारी पडले, जनावरे मरू लागली. सप्टेंबरमध्ये सारे राज्य ‘नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झाले, बैलबाजार बंद झाले आणि शेळ्यांच्या देवीची लस गाईबैलांना टोचण्याची धावपळ सुरू झाली.

सिरोंच्याने दिलेली वर्दी आणि चिनावलचा हाहाकार यांच्यामध्ये दोन वर्षांहून अधिक काळ गेला. देशाची पशुवैद्यकीय सेवा किती सक्षम आहे, याचे उत्तर मला त्या काळात शोधावेसे वाटते. राजधानीतल्या प्रयोगशाळा, लसनिर्मितीचे आकडे, परिषदांतले ठराव हे सगळे महत्त्वाचे आहेच. पण रोगाची पहिली खबर जिथून येते, तिथला दवाखाना उघडा आहे का, तिथे डॉक्टर आहे का आणि त्याने कळवलेले वर कुणी ऐकते का, यावर बाकी सगळे उभे असते.

या विषयाची जागतिक कहाणी योगायोगाने आपल्याच गुरांपासून सुरू होते. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली वशिंडाची गुरे बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात उतरली आणि त्यांच्याबरोबर बुळकांडी युरोपात शिरली. त्या धक्क्यातून देश एकत्र बसले आणि २५ जानेवारी १९२४ रोजी २८ देशांनी पॅरिसमध्ये करार करून एक संस्था स्थापन केली. तीच आजची जागतिक पशुआरोग्य संघटना. आपल्या देशात रोगाची साथ आली तर ती लपवायची नाही, शेजाऱ्याला कळवायची, एवढ्या साध्या तत्त्वावर ती उभी राहिली. बुळकांडी भारतात शेवटची १९९५ मध्ये दिसली, आणि मे २०११ मध्ये ती जगातूनच संपल्याचे जाहीर झाले. माणसांच्या देवीनंतर समूळ नाहीसा झालेला हा दुसराच रोग. त्याच्यावरचे आपल्याकडचे शास्त्रीय काम ज्या प्रयोगशाळेने पुढे नेले, ती १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि नंतर कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली, हे महाराष्ट्रात फारसे कुणाला आठवत नाही.

हीच संघटना २००७ पासून देशोदेशीच्या पशुवैद्यकीय सेवांची तपासणी करते. देशाने स्वतः बोलावल्याशिवाय तज्ज्ञ येत नाहीत. आजवर १४० हून अधिक देशांनी त्यांना बोलावले आहे, भारतानेही. चार मोठ्या विभागांत चाळीसहून अधिक क्षमता तपासल्या जातात आणि प्रत्येकीला एक ते पाच अशी पायरी दिली जाते. डॉक्टर पुरेसे आहेत का, त्यांच्या हाताखालचे प्रशिक्षित कर्मचारी कुणाच्या देखरेखीखाली काम करतात, खालपासून वरपर्यंत आदेशाची साखळी सलग आहे का, रोगाची पाळत कशी ठेवली जाते, कायदा काय म्हणतो आणि तो प्रत्यक्षात किती पाळला जातो, असे ते प्रश्न आहेत. कायद्याचा मसुदा सुधारून देण्याचा वेगळा कार्यक्रमही आहे. यातला आदेशाच्या साखळीचा प्रश्न मला सर्वांत कळीचा वाटतो.

कारण आपल्या राज्यघटनेत पशुधनाचे रक्षण, जनावरांच्या रोगांना प्रतिबंध आणि पशुवैद्यकीय व्यवसाय हे विषय राज्यसूचीत आहेत. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग पसरू न देणे हा विषय मात्र समवर्ती सूचीत आहे. महाराष्ट्रात आणखी एक दुभंग आहे. बहुतेक दवाखाने जिल्हा परिषदेकडे, तर काही दवाखाने आणि राज्यस्तरीय योजना राज्य शासनाकडे. एकाच जिल्ह्यात जिल्हा पशुसंवर्धन अधिकारी वेगळा आणि पशुसंवर्धन उपायुक्त वेगळा. शांत काळात हे चालून जाते. साथीच्या काळात आदेश कुणाचा आणि गाडीचे डिझेल कुणाचे, असा प्रश्न पडला की वेळ जातो.

संसर्गजन्य पशुरोगांचा केंद्रीय कायदा २००९ चा आहे. तो चांगला आहे आणि काही बाबतीत दूरदृष्टीचाही. लम्पी देशात येण्याच्या दहा वर्षे आधीच त्याच्या अनुसूचीत लम्पीचे नाव होते. कलम ४ प्रमाणे जनावराच्या मालकाने, किंवा त्या जनावराची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याने, अनुसूचित रोगाची शंका येताच गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचे आणि तिथून जवळच्या पशुवैद्याकडे लेखी खबर जायची. राज्यात रोग निघाला तर लगतच्या राज्यांच्या संचालकांना कळवायचे, हेही त्यातच लिहिले आहे. सिरोंच्यासाठी हे कलम जीवनमरणाचे आहे. प्राणहिता आणि गोदावरीपलीकडे तेलंगणा, इंद्रावतीपलीकडे छत्तीसगड. ढोरे नदी ओलांडताना राज्याची हद्द पाहत नाहीत, त्यांना हाकणारेही पाहत नाहीत.

मूळ कायद्यात पहिल्या उल्लंघनासाठी हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण खबर न देणारा शेतकरी दंडाला घाबरून खबर देऊ लागेल, असे मला वाटत नाही. त्याला भीती असते ती बाजार बंद होण्याची आणि जनावर हातचे जाण्याची. २०२२ मध्ये लम्पीने मेलेल्या दुधाळ गाईमागे ३०,००० रुपये, ओढकामाच्या बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये मदत जाहीर झाली, तेव्हा लोकांना कळवण्यात काही अर्थ दिसला. अशी मदत साथ शिगेला पोहोचल्यावर शासन निर्णयाने द्यावी लागू नये, ती कायद्यातच पहिल्या खबरीशी जोडलेली असावी. आजारी जनावराची खबर देणारा गावाचे रक्षण करतो. त्याचे नुकसान गावाने आणि सरकारने वाटून घ्यायला हवे.

आता झाडीपट्टीकडे, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्याकडे, पाहू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे आणि त्याचा तीनचतुर्थांश भाग वनक्षेत्र आहे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, आणि असे दर पावसाळ्यात होते. घटसर्प आणि फऱ्या या रोगांचा जोरही नेमका पावसाळ्यातच असतो. घटसर्पात जनावर सकाळी चारा सोडते आणि दुसरा दिवस पाहीलच याची खात्री नसते. म्हणजे लस मे महिन्यातच, दोन ते आठ अंश तापमानात, शेवटच्या टोल्यापर्यंत पोहोचायला हवी. जूनच्या अखेरीस निघालेली गाडी पुलाशी अडली, तर त्या गावांसाठी ते वर्ष गेले.

इथले पशुधनही वेगळे आहे. चिखलाच्या बांध्यांत धानाच्या रोवणीला लागणारा, काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारा बैल देणारी इथली कठाणी गाय अलीकडेच राष्ट्रीय स्तरावर स्वतंत्र जात म्हणून नोंदली गेली. तिचे दूध कमी. दूध संघाच्या हिशेबात ती दिसत नाही आणि पशुवैद्यकीय सेवेची आखणी आपल्याकडे बऱ्याचदा दुधाच्या मागोमाग चालते. पाच हजार पशुघटकांमागे एक पशुवैद्य, असे प्रमाण राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ मध्ये सांगितले होते. ते सपाटीवरच्या दाट वस्तीला पुरेल. पाच हजार जनावरे जिथे जंगलातल्या टोल्यांवर विखुरलेली आहेत आणि मोकाट चरतात, तिथे अंतर आणि पूर मोजल्याशिवाय प्रमाण ठरवता येत नाही.

डॉक्टर नसेल तर उपचार कुणी करायचा? भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ चा आणि महाराष्ट्रात तो १९९७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३० प्रमाणे नोंदणीकृत पशुवैद्याशिवाय कुणालाही व्यवसाय करता येत नाही. पदविकाधारकांना किरकोळ सेवा देण्याची मुभा राज्य शासन देऊ शकते, पण नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली. तत्त्व योग्यच आहे. प्रतिजैविकांचा आंधळा मारा थांबवायचा तर जबाबदार पदवीधर हवाच. परंतु श्रेणी-२ चे दवाखाने वर्षानुवर्षे पशुधन पर्यवेक्षकांनी चालवले आणि दुर्गम तालुक्यांत ‘देखरेख’ कागदावर राहिली. यात दोष पर्यवेक्षकाचा नाही. नदीपलीकडच्या गावात भर पावसात जाणारा बहुधा तोच असतो. कायद्याने त्याला स्पष्ट कामे, स्पष्ट मर्यादा आणि फोनवर उत्तर देणारा डॉक्टर द्यायला हवा. १९६२ या क्रमांकावर येणारी फिरती पशुचिकित्सा वाहने चांगली आहेत. पण केंद्राच्या योजनेत साधारण एक लाख जनावरांमागे एक वाहन धरले आहे, आणि झाडीपट्टीत अनेक ठिकाणी रस्ता संपतो तिथून पुढे गाव सुरू होते.

चंद्रपूर-गडचिरोलीत या विषयाला आणखी एक बाजू आहे. गोठा आणि जंगल यांच्यात इथे कुंपण नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने आलेले कलम ३३अ सांगते की अभयारण्यात आणि त्याच्या पाच किलोमीटर परिसरातल्या पशुधनाला संसर्गजन्य रोगांची लस देण्याची व्यवस्था मुख्य वन्यजीव रक्षकाने करायची. ताडोबाभोवतीची किती गावे या पाच किलोमीटरांत येतात, हे नकाशा पाहिला की कळते. सिरोंचा वनविभागातल्या कोलामार्क्यात महाराष्ट्रातल्या उरल्यासुरल्या रानम्हशी आहेत. गावच्या म्हशीचा रोग त्यांच्यात शिरला तर तो कळप परत उभा राहणार नाही. लस पशुसंवर्धन खात्याची, जबाबदारी वन खात्याची आणि जनावर आदिवासी शेतकऱ्याचे. हे तिघे वर्षातून एकदा तरी एकत्र बसले, तर ते कलम कागदावरून खाली उतरेल.

हे काल्पनिक भय नाही. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात काही आठवड्यांत २३ सिंह मेले आणि मृत सिंहांपैकी काहींत कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू सापडला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेने कारण सांगितले बर्ड फ्लू. मानव-वन्यजीव संघर्षातून पकडलेले हे वाघ चंद्रपूरहून तिथे नेलेले होते. पुढच्याच महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी तालुक्यात, मांगलीला, कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध होता, असे मी म्हणत नाही. पण कोंबडी, वाघ आणि माणूस यांच्या आजारांची पाळत तीन वेगळ्या खात्यांनी, तीन वेगळ्या नोंदवह्यांत ठेवणे आता परवडणारे नाही.

करायचे काय, तर सुरुवात ग्रामसभेपासून व्हावी. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभा जंगलाचा कारभार पाहू लागल्या आहेत. चराईचा हक्कही वनहक्क कायद्याने मान्य केला आहे. बांबू आणि तेंदूपत्त्याचा हिशेब ठेवणारी ग्रामसभा आजारी ढोरांची नोंदही ठेवू शकते. गावचा गायकी रोज कळपाबरोबर असतो. कोणते जनावर मागे राहिले, कोण लाळ गाळते, कुणी चरणे सोडले, हे त्याला सर्वांत आधी कळते. त्याला थोडे प्रशिक्षण, थोडे मानधन आणि कलम ४ ची खबर देण्याचा अधिकृत दर्जा द्यावा. लसीकरणाचे वेळापत्रक पुराच्या वेळापत्रकावरून ठरावे. सिरोंचा, भामरागड, एटापल्ली, कोरची या तालुक्यांतली पशुधन विकास अधिकाऱ्यांची पदे रिकामी राहू नयेत, यासाठी निवास, भत्ता आणि ठरावीक मुदतीनंतर पसंतीची बदली कायद्याच्या नियमांत लिहून द्यावी. तेलंगणा आणि छत्तीसगडच्या सीमेवरच्या तालुक्यांनी एकमेकांना थेट कळवावे. पत्र तीन राजधान्या फिरून येईपर्यंत रोग थांबत नाही.

वाचकांपैकी ज्यांचे गाव चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यात आहे, त्यांना एक विनंती. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत पशुआरोग्याचा विषय घ्यायला लावा. गावात किती ढोरांना घटसर्पाची आणि लाळ्या-खुरकुताची लस मिळाली, हे त्या सभेत मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. जनावराच्या अंगावर गाठी, तोंडात फोड किंवा कोंबड्यांची अचानक मर दिसली तर १९६२ वर फोन करा, आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीला लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.