‘डॅट्सन’ : एका मालवाहू गाडीचे नामचरित्र

वस्तूस नाव निर्माता देतो. ते कोणत्या रूपात टिकावे, हे मात्र वापरणारा समाज ठरवितो. जपानी ‘डॅट्सन’ ट्रकचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

1914 मध्ये तोक्योतील काइशिन्शा कारखान्याच्या मोटारीस डेन, आओयामा व ताकेउची या तीन साहाय्यकर्त्यांच्या रोमन आद्याक्षरांवरून ‘डॅट’ हे नाव मिळाले. जपानीत ‘दात्तो’ म्हणजे भरधाव सुटलेला ससा. त्यामुळे आद्याक्षरांना अर्थही लाभला. 1931 मध्ये याच परंपरेतील छोटी मोटार निघाली, तेव्हा ‘डॅटचा पुत्र’ या अर्थी पुत्रवाचक इंग्रजी शब्द नावास जोडण्यात आला. इंग्रजीत पुत्रवाचक व सूर्यवाचक शब्द एकसारखेच, ‘सन’ असे, उच्चारले जातात. भेद केवळ वर्णलेखनाचा. जपानी वाचनात मात्र पहिल्यातील स्वर लिहिल्याप्रमाणे ‘ओ’ होतो, आणि ‘सोन’ म्हणजे तोटा. ही अशुभ छटा टाळण्यासाठी 1932 मध्ये सूर्यवाचक लेखन स्वीकारले गेले. नाव ‘दात्तोसान’ झाले. इंग्रजी कानास काहीच बदलले नव्हते. जपानी कानाचा तोटा टळला होता.

पुढे हे नाव निसान कंपनीकडे आले. छोट्या मोटारीच्या सांगाड्यावर मालवाहू गाडीही बांधली जाऊ लागली. युद्धोत्तर काळात तिला निर्यातीची बाजारपेठ मिळाली. 1965 ची ‘520’ व 1972 ची ‘620’ या तिच्या प्रसिद्ध पिढ्या होत. 1981 मध्ये कंपनीने परदेशांत ‘डॅट्सन’ सोडून सर्वत्र ‘निसान’ हेच नाव लावण्याचे जाहीर केले. जपानमध्ये मात्र या पिकअपचे जुने नाव 2002 पर्यंत टिकले.

तेथील बोलीत तिला ‘दात्तोरा’ म्हणतात. ‘दात्तोसान’ आणि ‘तोराक्कु’, म्हणजे ट्रक, या दोहोंच्या संक्षेपातून हे रूप सिद्ध झाले. दोन्ही घटकांतील ‘तो’ एकदाच उच्चारला जातो. ज्या अंत्यपदासाठी 1932 मध्ये एवढा विचार झाला, नेमके तेच येथे गळाले आहे!

2014 मध्ये भारतात ‘डॅट्सन’ नाव पुन्हा बाजारात आले, परंतु छोट्या प्रवासी मोटारींसाठी; 2022 मध्ये तेही मागे घेतले गेले. नाव पुन्हा लावणे कंपनीच्या हाती असते. ते लोकांच्या तोंडी रुळविणे तिच्या हाती नसते. ‘दात्तोरा’ कोणत्याही संचालक मंडळाने घडविला नाही, आणि म्हणूनच तो कोणत्याही ठरावाने रद्दही होत नाही.