पाणी पांढरं झालंय, काय टाकू?

डोंबिवलीत माझं शोभेच्या माशांचं दुकान आहे. टाक्या विकल्या जातात शनिवार-रविवारी आणि फोन सुरू होतात बुधवारपासून. "दादा, पाणी दुधासारखं झालंय. काय टाकू?" माझं उत्तर ठरलेलं : काहीही टाकू नका. हे उत्तर कोणालाच आवडत नाही. गिऱ्हाइकाला बाटली हवी असते, आणि बाटल्या माझ्या फळीवर आहेतही. पाणी स्वच्छ करणाऱ्या म्हणतात त्या आहेत, निळं औषध आहे, खडे मीठ आहे. तरीही नव्या टाकीच्या पांढऱ्या पाण्यावर मी त्यातलं काही देत नाही.

आधी विचारतो, पाणी कधीपासून असं आहे? भरल्याबरोबर गढूळ झालं असेल तर ती खडीची धूळ. पाकिटावर 'धुतलेली' असं छापलेलं असतं, त्यावर जाऊ नका. बादलीत घालून, हाताने घोळून, वरचं पाणी नितळ येईपर्यंत खडी धुवायची. शंका असेल तर टाकीतलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन रात्रभर ओट्यावर ठेवा. सकाळी तळाशी गाळ बसून वरचं पाणी नितळ झालं, तर धूळ. ग्लास तसाच धुरकट राहिला, तर ते जिवाणू. नव्या टाकीत दोन-चार दिवसांनी येणारा पांढुरका ढग बहुतेक वेळा जिवाणूंचाच असतो.

माशांची विष्ठा आणि न खाल्लेले दाणे पाण्यात कुजतात. त्यावर जगणारे जिवाणू काही तासांत दुपटीने वाढतात, इतके की पाणी डोळ्यांना धुरकट दिसू लागतं. त्यांच्यापासून माशांना थेट अपाय नाही. ते फक्त पाण्यातला प्राणवायू खातात. आपल्याकडे मे महिन्यात टाकीचं पाणी तीस अंशांच्या वर जातं आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मुरतो. म्हणून मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले की हवेचा पंप चालूच ठेवायचा. 'आवाजाने झोप येत नाही' म्हणून रात्री पंप बंद करणारी घरं बरीच आहेत. पंपाखाली जुन्या टॉवेलची घडी ठेवा, आवाज निम्मा होतो.

खरा धोका दिसत नाही. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतात, कुजणाऱ्या दाण्यांतूनही तो तयार होतो. थोडासुद्धा अमोनिया कल्ले जाळतो. पाणी अल्कधर्मी असेल, म्हणजे बऱ्याच बोअरवेलचं असतं तसं, तर तो आणखी जहाल होतो. अमोनिया खाणारे जिवाणू वेगळे असतात. ते त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे मासे बऱ्यापैकी सोसतात. हे कामाचे जिवाणू फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला साधारण एक दिवस घेतात, आणि ते पाण्यात तरंगत नाहीत. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर चिकटून राहतात. त्यांचा जम बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी आरशासारखं दिसलं तरी मासे मरू शकतात आणि दुधासारखं दिसत असताना मजेत पोहूही शकतात. नजरेवर भरवसा ठेवू नका. अमोनिया तपासायचा थेंबांचा किट मिळतो. बाटल्यांवर घालवाल ते पैसे त्यावर घाला.

आता रविवारच्या धुलाईबद्दल. पांढरं पाणी बघवत नाही म्हणून घरातला कर्ता पुरुष बाह्या सरसावतो. मासे बादलीत, टाकी बाथरूममध्ये, काच भांड्यांच्या साबणाने, खडी उकळत्या पाण्याने आणि स्पंज नळाखाली पिळून पिळून पांढराशुभ्र. संध्याकाळी टाकी झगझगीत! पण चिकटून बसलेले कामाचे जिवाणू नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने आणि साबणाने गेलेले असतात. गणित पुन्हा पहिल्यापासून, बुधवारी पाणी पुन्हा पांढरं. काही घरांत हे महिनोन् महिने चालतं आणि दोष 'डोंबिवलीच्या पाण्या'ला जातो. मरतात त्या टाक्यांतल्या बहुतेक आजाराने मरत नाहीत, स्वच्छतेने मरतात असं माझं मत आहे.

दुसरं दुखणं फेंगशुईचं. आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश, तेही दीड फुटी टाकीत! गोल्डफिशला जठरच नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, आणि तो दिवसभर खात आणि दिवसभर घाण करत राहतो. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरलं तरी जेमतेम 56 लिटर पाणी मावतं. त्यात दोन गोल्डफिशसुद्धा वाढल्यावर दाटी करतात. नशीब उघडायचं असेल तर नऊ गप्पी घ्या, त्यांना एवढी जागा पुरते. मात्र सगळे नर घ्या, नाहीतर दोन महिन्यांनी पिल्लं कुणाला देऊ, असा फोन येतो.

मग करायचं काय? पाव टाकी पाणी आठवड्यातून एकदा बदला. अमोनिया जास्त दिसला तर लवकर बदला, पण पाव टाकीच. नळाचं पाणी बादलीत एक दिवस उघडं ठेवा किंवा त्यात क्लोरीन मारणारे थेंब घाला. जुने फोटोग्राफर ज्याला 'हायपो' म्हणायचे, ते सोडियम थायोसल्फेटचे खडे हेच काम करतात. दाणे दिवसाआड, आणि दोन मिनिटांत संपतील तेवढेच. नातवंडांच्या हाती डबी देऊ नका. स्पंज तुंबला तर टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा दाबा, तो तपकिरी राहिला तरी चालतो. निळं औषध आजारी माशासाठी वेगळ्या भांड्यात वापरा. मुख्य टाकीत ते कामाच्या जिवाणूंनाही मारतं.

पाणी हिरवं झालं तर तो शेवाळाचा मामला. टाकी खिडकीपासून हलवा, दिवा सहा-सात तासांवर आणा. चहासारखं झालं असेल तर शोभेचं लाकूड रंग सोडतंय, त्याने माशांचं काही बिघडत नाही.

आणि टाकी अजून घ्यायचीच असेल तर थोडी ओळख काढा. ज्याची टाकी वर्षभर जुनी आणि मासे धडधाकट आहेत, त्याच्या फिल्टरमधला मळका स्पंज मागून घ्या. त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, वाटेत सुकू न देता, त्याच दिवशी आपल्या फिल्टरमध्ये बसवा. सहा आठवड्यांचं काम बरंच लवकर होतं. माझ्या दुकानात टाकीबरोबर असा स्पंज फुकट मिळतो. बहुतेक लोक तो बघून नाक मुरडतात आणि नवा पांढरा मागतात.