माणूस जातो, अपील थांबत नाही
माणूस गेला की वाद मिटला, असं आपण म्हणतो. जमिनीच्या दाव्यात तसं नसतं. हक्क वारसांकडे जातो. पण कोर्टाला ते आपोआप कळत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश २२ अपिलांनाही लागू आहे. अपील चालू असताना पक्षकार वारला, तर ९० दिवसांत वारस रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज हवा. नाहीतर त्याच्यापुरतं अपील ‘अबेट’ होतं, म्हणजे आपोआप संपतं, आणि खालचा हुकूमनामा कायम राहतो. पुढच्या ६० दिवसांत सबळ कारण दाखवून ते पुन्हा उभं करता येतं. तीही मुदत टळली, तर उशीर माफ करून घ्यावा लागतो. आपण इथेच चुकतो: समोरचा वारला, तरी त्याचे वारस आणायची जबाबदारी अपील करणाऱ्याचीच. म्हणून विरोधकाच्या मरणाचीही खबर आपण ठेवायला हवी.