नवा ड्रायव्हर आणि आपली ऊस वाहतूक



ऊस नोंदीसाठी कराड, वाळवा, पलूस भागात फिरताना ट्रकचे लायसन काढून घरी बसलेली सभासदांची पोरे आम्हाला भेटतात. गाडीमालक म्हणतो, अनुभव आण. आणि गाडी दिल्याशिवाय अनुभव यायचा कुठून? मालकाचेही अगदीच खोटे नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वयाची २० वर्षे पुरी लागतात, हलक्या गाडीचे लायसन वर्षभर जुने लागते. पण भरलेली गाडी ओल्या फडातून बाहेर काढणे काही त्या परीक्षेत येत नाही! तिथे गाडी रुतली की तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. म्हणजे नुकसान आपलेच.

शिवाय गाळप संपले की गावातले काम संपते, आणि पोरगा मुंबईची वाट धरतो.

वाहनधारक सभासदांना आमचे सुचवणे एवढेच : हंगामात असा एक पोरगा क्लीनर म्हणून घ्यावा. लायसन पाहून, जुन्या ड्रायव्हरला शेजारी बसवून, कारखान्यातून फडाकडे परतणारी रिकामी गाडी त्याच्या हाती द्यावी. भरलेली गाडी पुढच्या हंगामाला.

— ऊस विकास विभाग