विश्लेषण : विंडोज ११ इन्स्टॉल होताना अर्ध्यावरच का अडते?

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. त्यामुळे घरच्या जुन्या संगणकावर विंडोज ११ टाकण्याची वेळ अनेकांवर आली. पण इन्स्टॉलेशन मध्येच अडले की वैतागून सगळे फॉरमॅट केले जाते आणि वर्षानुवर्षांचे फोटो, कागदपत्रे एका क्लिकमध्ये जातात. खरे तर बहुतेक वेळा संगणक बिघडलेला नसतो. तो नेमका कुठे अडला, हे पडद्यावरचा संदेशच सांगत असतो.

सुरुवात कुठून करावी?

बॅकअपपासून. महत्त्वाच्या फाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. त्याच डिस्कवरचा 'डी ड्राइव्ह' म्हणजे बॅकअप नव्हे. बिटलॉकर सुरू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. बायोसमधील सेटिंग बदलल्यावर ती विचारली जाऊ शकते. की नसेल, तर डेटा डिस्कवर असूनही उघडत नाही.

संगणक 'पात्र नाही' असे का दिसते?

विंडोज ११साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० लागते. टीपीएम ही एन्क्रिप्शनच्या चाव्या जपणारी सुरक्षा यंत्रणा. अनेक संगणकांत ती असते, पण बायोसमध्ये बंद असते. इंटेलच्या मशीनमध्ये 'पीटीटी', तर एएमडीमध्ये 'एफटीपीएम' या नावाने ती सुरू करता येते. प्रोसेसर मात्र यादीत असावा लागतो. इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर चालतात. त्याआधीचा असेल तर सेटिंग बदलून तो पात्र ठरत नाही.

डिस्कच दिसत नसेल तर?

इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपमध्ये असे होते. डिस्क ठीक असते, पण इन्स्टॉलरकडे तिचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि 'लोड ड्रायव्हर' निवडा.

डिस्क 'एमबीआर' पद्धतीची असल्याचा संदेश आला, तर पार्टिशन डिलीट करण्याची घाई नको. त्याने डेटा जातो. विंडोज १०मधील 'एमबीआर२जीपीटी' हे टूल डेटा न पुसता डिस्कची रचना बदलते. तरीही बॅकअप हवाच.

अपग्रेड होताना जुने विंडोज परत का येते?

'०एक्ससी१९००१०१'ने सुरू होणारा कोड बहुधा ड्रायव्हरची अडचण दाखवतो. प्रिंटर, वेबकॅम काढून ठेवा, बाहेरचा अँटिव्हायरस अनइन्स्टॉल करा आणि ड्रायव्हर अपडेट करून पुन्हा प्रयत्न करा. '०एक्स८००७००७०' म्हणजे जागा अपुरी. सी ड्राइव्ह मोकळा करा.

दोष पेनड्राइव्हचा असू शकतो का?

हो. फाइल अर्धवट उतरली असेल किंवा पेनड्राइव्ह खराब असेल, तर कॉपी होतानाच एरर येतो. किमान ८ जीबीचा दुसरा पेनड्राइव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तयार करा. यूएसबी पोर्टही बदलून पाहा. इन्स्टॉलेशन पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असेल, तर संगणक पेनड्राइव्हवरूनच बूट होत आहे. पहिल्या रीस्टार्टच्या वेळी तो काढा.

कधी थांबावे?

एरर आला की मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि एका वेळी एकच बदल करून पाहा. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र संगणक लगेच बंद करा. दुरुस्तीला देताना 'विंडोज टाकून द्या' एवढेच सांगू नका. 'आधी डेटा काढा' हे पहिले वाक्य असू द्या. विंडोज पुन्हा टाकता येते, गेलेले फोटो परत मिळतीलच असे नाही.